टाळ्या नकोत

८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवाच्या फोननंतर मी कानाला खडा लावला आहे. मी शाळा म्हणतो, तू माळा ऐकतेस. मी आमच्या खारूचं पोट दुखतंय म्हणतो, तू बोट ऐकून हाड मोडलं का विचारतेस. मी इतका ओरडलो की शेजारचे गृहस्थ दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारून गेले. तेव्हा यापुढे पत्रच. प्रुफं तपासायची तुझी सवय मला ठाऊक आहे, पण आधी मजकूर वाच, मग चुका काढ.

तर पोटच दुखतंय. शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी, बूट पायात घालायच्या वेळी. शाळेची वेळ टळली की थांबतं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. सुट्टीच्या दिवशी हीच पोरगी गच्चीच्या कठड्यावरून उड्या मारते. मी ढोंग म्हणालो, तर हिने, तिच्या आईने, माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. म्हणजे घरात दोघीही बोलेनात.

मंगळवारी शाळेजवळच्या एका इमारतीत लिफ्ट अडकत होती. ते काम लवकर उरकलं म्हणून तसाच काळ्या हातांनी खारूला आणायला गेलो. फाटकाशी उभा राहिलो. पाचवीचा वर्ग सुटला. खारू भिंतीला चिकटून एकटी येत होती आणि ती जवळून गेली की मुलं नाक दाबत होती. मला आधी वाटलं, गटार तुंबलं असेल. मग घोळक्यातून कुठल्याशा मुलीचा ओकारीचा आवाज आला आणि सगळी हसली.

घरी आल्यावर तिने आईला सांगितलं, मला नाही. वर्गात तिला ‘उलटी’ म्हणतात. का, तर ती अक्षरं उलटी लिहिते. तीनचा सहा करते, सहाचा तीन. सर रांगेने एकेकाला उभं करून धडा वाचायला लावतात. तिची पाळी आली तेव्हा ‘घोडा धावतो’चं ‘धोडा घावतो’ झालं, आणि सर म्हणाले की चला, आता करमणुकीचा तास सुरू झाला. बाकीचं काम मुलांनी केलं. सरांचं म्हणणं पोरगी हुशार आहे पण निष्काळजी.

मी उद्या शाळेत जाऊन शांतपणे बोलणार आहे. हिचा विश्वास नाही. तू तरी ठेव.

लोभ आहेच. त्याबरोबर कानाच्या मशीनला नवी बॅटरीही असावी, ही विनंती.

तुझा
धाकटा

१४ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात एकच शब्द निर्दोष लिहिलेला होता, ‘शांतपणे’. आणि नेमका त्याच्यावर माझा विश्वास बसला नाही. हे पत्र पोचेपर्यंत तू जाऊन आला असशील. काय केलंस ते खरं खरं कळव.

त्या सरांना माझ्याकडून विचार, निष्काळजी माणूस रोज त्याच अक्षरांपाशी कसा अडखळतो. निष्काळजी माणूस कधी इथे चुकतो, कधी तिथे. आमच्या छापखान्यात बाइंडिंगला एकजण आहे, त्याच्या मुलाचं अगदी असंच होतं. घ आणि ध, भ आणि म. त्या मुलाने मार खाल्ला, शिकवण्या झाल्या, आठवीपर्यंत रडतखडत गेला, आणि मग कुणीतरी शहाण्या माणसाने सांगितलं की मोठ्या हॉस्पिटलात मुलांच्या शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या बाई बसतात. तिथे न्या. आठवीची वाट बघू नका.

आणि पोटाचं ढोंग नाही, एवढं डोक्यात घे. तुझ्या नावाने रोज शंभर जणांनी नाक दाबलं असतं तर तुझ्या पोटाने दुखायला सकाळचीही वाट पाहिली नसती. खारूला वाचता का येत नाही हे विचारू नका. ते तिला माहीत असतं तर तिने तुम्हाला आधीच सांगितलं असतं. आज शाळेत काय घडलं हेही जेवायला बसल्या बसल्या विचारू नका, घास उतरू दे.

बॅटरी नवीच आहे. तू तोंडात सुतळी धरून बोलतोस.

तुझी
ताई

२८ जुलै

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. ह्यांनी तुम्हाला शाळेतल्या भेटीबद्दल काय कळवलं मला माहीत नाही, पण जे घडलं ते असं. हे कामाच्याच कपड्यांत, कमरेला पाने-पकडी लटकवून, थेट पाचवीच्या वर्गात गेले. शेवटच्या बाकावर बसले आणि सरांना म्हणाले की तुम्ही वाचन कसं घेता ते आज मी ऐकणार, चालू द्या. बाक लहान मुलांचा. गुडघे आत अडकले. सर बाहेर चला म्हणाले तेव्हा हे तावातावाने उठले, तर बाक ह्यांच्याबरोबर उठला. वर्ग किती हसला असेल ते तुम्हीच समजा. सर पण हसले. खारू मान खाली घालून बसली होती. आता मुलं तिला बाकवाल्याची उलटी म्हणतात.

वन्सं, मी ह्यांना काही बोलले नाही. बोलून बोलून माझं तोंड दुखायला लागलं आहे. दिवसभर बसडेपोच्या चौकशी खिडकीत बसते. माझ्या डोक्यावर हातभर अक्षरांत गाड्यांच्या वेळा लिहिल्या आहेत आणि त्या पाटीखाली उभं राहून शिकलेसवरलेले लोक मला विचारतात, गाडी किती वाजता. त्यांना कुणी उलटी म्हणत नाही. माझी पोरगी एका अक्षराला अडली तर नाक दाबतात.

तुम्ही सांगितलंत तशी तपासणी केली. त्या बाई फार चांगल्या. दोन बैठका घेतल्या. बुद्धीत काही कमी नाही म्हणाल्या, उलट ऐकलेलं लक्षात ठेवण्यात पुढे आहे. फक्त अक्षरं ओळखून त्यांचे शब्द लावणं तिला इतरांसारखं सहज जमत नाही. डिस्लेक्सिया म्हणतात. वेळ जास्त द्यायचा, तोंडी उत्तरं घ्यायची, अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावायचं नाही, आणि आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे खास पद्धतीचा सराव. खारूने विचारलं, हे जाईल का. बाई खोटं बोलल्या नाहीत. जाणार नाही म्हणाल्या, पण वाट काढता येईल. तर ही म्हणते, चालेल, निदान त्याला उलटीपेक्षा वेगळं नाव तरी आहे.

आता खरी अडचण. माझ्या आईचं म्हणणं, तो रिपोर्ट कपाटात तळाशी ठेवा आणि गप्प बसा. मुलीची जात, एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसत नाही. हे म्हणतात उद्याच शाळेत नेऊन देतो. आणि वन्सं, मला आईचंच पटतं आहे. तिसऱ्या मजल्यावरची जी खारूची जिवाभावाची मैत्रीण होती, रोज आमच्याकडे पडीक असायची, ती शाळा सुरू झाल्यापासून एकदाही वर आलेली नाही. काही माहीत नसताना ही गत, तर कळल्यावर काय होईल. तुम्ही ह्यांना समजवा. तुमचं तेवढं ऐकतात, म्हणजे ऐकल्यासारखं करतात.

माया आहे तशीच राहू द्यावी.

आपली
भावजय

४ ऑगस्ट

चि. सौ. भावजयबाईंना,
अनेक आशीर्वाद.

आमच्या धाकट्या चिरंजीवांनी मला लिहिलं होतं की सरांशी सविस्तर चर्चा झाली. चर्चेत बाकाने भाग घेतल्याचं त्यात नव्हतं. मी छापखान्यात एकटीच हसले आणि मग मान खाली घालून बसलेली खारू डोळ्यांपुढे आली, तेव्हा हसू गेलं. त्याच्या कानउघाडणीचं पत्र वेगळं पाठवते आहे.

आता तुझं. रागावू नकोस, पण मला तुझ्या आईचं पटत नाही. माझे कान यंत्रांच्या धडधडीने गेले हे तुला माहीत आहे. सुरुवातीची काही वर्षं मी ते कुणाला कळू दिलं नाही. मशीन केसांखाली दडवायची. लोक मागून हाक मारायचे, मी वळायची नाही, आणि माझं नाव काय पडलं, तर शिष्ट. मी ऐकू येतंय असं दाखवून हो म्हणायची आणि भलतंच कबूल करून बसायची. मग एक दिवस वैताग आला आणि केस मागे घट्ट बांधून कामावर गेले. पुढे सगळं गोड झालं असं नाही. काहीजण अजून माझ्याशी मी दुसऱ्या गावात असल्यासारखं ओरडून बोलतात, आणि हिशेबनीस तर हातवारे करून मला बसायला सांगतो. कटकट आहेच. पण शिष्ट म्हणणं थांबलं. आपण गप्प राहिलो की लोक गाळलेल्या जागा स्वतःच भरतात, आणि चांगलं काही कधी भरत नाहीत. खारूच्या जागी त्यांनी काय भरलं ते तू पाहिलंसच.

रिपोर्ट शाळेत द्या. पण सांगणं वेगळं आणि दवंडी पिटणं वेगळं. शिक्षकांना कळायलाच हवं, कारण बदलायचं त्यांना आहे. बाकी कुणाला सांगायचं, कधी, कुठल्या शब्दांत, ते खारूला विचारा. दुखणं तिचं, तोंडही तिचंच असू दे.

आणि तो शाळेत जाणार असेल तर तू बरोबर जा. कमरेच्या पकडी घरी काढून ठेवायला लाव.

तुझी
वन्सं

२५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं कानउघाडणीचं पत्र मिळालं. पकडी घरी ठेवल्या, तोंडही घरी ठेवलं, सगळं बोलणं हिने केलं. रिपोर्ट मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, हातात दिला. त्यांनी तो पूर्ण वाचला, चष्मा पुसला, आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाल्या की काळजी सोडा, मी स्वतः लक्ष घालते. आम्ही दोघं बाहेर येऊन पायरीवर बसलो. हिला रडू आलं, बरं वाटून. मीही म्हटलं, माणूस भेटलं.

त्यांनी स्वतः लक्ष घातलं. सोमवारी सकाळी सगळी शाळा मैदानावर उभी असताना त्यांनी खारूला पुढे बोलावलं. खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, ही आपली विशेष मुलगी आहे, हिला वाचनाचा त्रास आहे, तिला कुणी चिडवायचं नाही, तिला आपण सगळ्यांनी प्रोत्साहन द्यायचं. आणि मग म्हणाल्या, हिच्यासाठी जोरदार टाळ्या. पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्यांनी वाजवल्या. शिपायानेही वाजवल्या.

ताई, नाक दाबणं थांबलं. खरंच थांबलं. आता ती वर्गात काहीही बोलायला उभी राहिली की सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. हजेरीला हजर म्हणाली, टाळ्या. पाणी प्यायला जाऊ का विचारलं, टाळ्या. खिडकी लावायला उठली, टाळ्या. सर खूश आहेत. मी विचारायला गेलो, हिला बरोबर घेऊन गेलो, लगेच डोळे मोठे करू नकोस. तर सर म्हणाले की बघा, मुलं किती समजूतदार झाली. मी म्हटलं, अहो, ती चेष्टा करताहेत. ते म्हणाले, तुम्ही जरा जास्तच मनाला लावून घेता, चिडवलं तरी तक्रार, कौतुक केलं तरी तक्रार.

आता शिव्याच असत्या तर मी तक्रार केली असती. टाळ्यांची तक्रार कुठे करायची ते मला सांग. खारूने वर्गात बोलणं बंद केलं आहे. हजेरीला नुसता हात वर करते. पोट परत सुरू. कालपासून घरीही मानेनेच उत्तरं देते.

मी पार वैतागलो आहे. लिफ्ट बिघडली तर निदान कुठलं बटण दाबायचं ते कळतं.

तुझा
धाकटा

१० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट बघत होतो आणि तू मला सोडून थेट मोठ्या बाईंनाच पत्र घातलंस. मला म्हणतेस तावातावाने जाऊ नकोस, आणि स्वतः रजिस्टर्ड पोस्टाने जातेस. गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. तुझं पत्र टेबलावर, पेपरवेटखाली. मला वाटलं, आता खारूला शाळेतून काढतात.

त्यांनी विचारलं, ह्या बाई कोण. मी म्हटलं, माझी थोरली बहीण, तिला ऐकू येत नाही आणि ती कुणाचं ऐकतही नाही. मग त्यांनी त्यातल्या दोन ओळी मला वाचून दाखवल्या. तू लिहिलं होतंस की तुमच्या चष्म्यासाठी रोज सकाळी सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या तर तुम्ही चष्मा लावाल की भिंतीला धडकाल. आणि पुढे, एका मुलीला वेगळं काढून तिच्यावर दया करण्यापेक्षा सगळ्या वर्गाचा नियम बदला, म्हणजे ती वेगळी दिसणारच नाही.

रागावलेल्या दिसल्या नाहीत. थकलेल्या दिसल्या. म्हणाल्या, मी खरंच चांगल्या मनाने केलं हो. दोन शिक्षक रजेवर आहेत, एका वर्गात मुलं मावत नाहीत, आणि कुणी कधी शिकवलंच नाही की अशा मुलांचं काय करायचं. मग एकदम विचारलं की तुमच्या बहिणीला बरोबर काय वाटतं. मला तुझे दोन-चार मुद्दे पाठ होते, ते सांगितले. हॉस्पिटलातल्या बाईंना एकदा शिक्षकांशी बोलायला बोलवा, असंही सुचवलं. हो म्हणाल्या.

एक गोष्ट लगेच झाली. पाचवीत आता रांगेने वाचन बंद. ज्याला मोठ्याने वाचायचं त्याने हात वर करायचा, बाकीच्यांनी बोट ठेवून ऐकायचं. सरांनी कपाळाला आठ्या घालून मान्य केलं. आणि ताई, गंमत ऐक. पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गाने हात वरच केले नाहीत. अर्ध्या वर्गाने. इतके दिवस ही सगळी आपली पाळी येईपर्यंत ओळी मोजत घाम पुसत बसत होती आणि खारू अडखळली की सगळ्यांत मोठ्याने हसत होती.

पण टाळ्या चालूच आहेत. सर म्हणतात, टाळ्या वाजवू नका असं मी कुठल्या तोंडाने सांगू, मोठ्या बाईंनीच सुरू केल्या. मोठ्या बाई म्हणतात, वर्गाची शिस्त सरांनी बघायची. मी मधे, दोन मजल्यांच्या मधे.

पुढच्या वेळी पत्र पाठवण्याआधी मला कळव. निदान शर्टाला इस्त्री करून गेलो असतो.

तुझा
धाकटा

१९ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला आधी कळवलं असतं तर तू पाठवू दिलं नसतंस, म्हणून कळवलं नाही. तुझ्या मोठ्या बाईंचं मलाही उत्तर आलं. चार ओळींचं, पण स्वतःच्या हाताने लिहिलेलं, आणि त्यात सबब एकही नाही. माझं मत मी थोडं मागे घेतलं आहे. सगळं नाही.

टाळ्यांचं मात्र मला उत्तर सुचत नाही, हे कबूल करते. चार दिवस विचार केला. वरून बंद करायला सांगितलं तर मुलं टेबलाखाली वाजवतील. मुलांनीच थांबवलं तर थांबेल. त्यांतलं एक जरी थांबलं तरी पुरेल, पण ते एक कोण आणि त्याला आपण कसं सांगणार. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मैत्रिणीचं काय झालं, ते कुणीच मला कळवत नाही. आपल्या बायकोला विचार. का विचारते आहे ते तिला कळेल.

खारूला सांग, मानेने उत्तर दिलं तरी आत्याला चालतं. आत्याला तसंच बरं समजतं.

तुझी
ताई

१३ ऑक्टोबर

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचा निरोप कळला आणि मला माझाच राग आला. इतके दिवस मी त्या मुलीचं जिन्यात तोंड बघायची आणि पुढे जायची. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी धीर करून तिसऱ्या मजल्यावर गेले. तिची आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तोंडात चिमटे. मला बघून चिमटे काढले नाहीत, म्हणजे बोलायचं नव्हतं. मी बादलीतला एक टॉवेल उचलून पिळायला लागले. मग काढले.

मी सरळ विचारलं, आमच्या मुलींचं काय बिनसलं. आधी म्हणाली, मुलींचं काय, आज कट्टी उद्या बट्टी. मग हळूहळू निघालं. गेल्या वर्षी दोघी एका बाकावर बसायच्या. हिची मुलगी फळ्यावरचं खारूला हळू आवाजात वाचून दाखवायची. वर्षाच्या शेवटी तिचे मार्क घसरले, आणि तेव्हाच्या सरांनी सांगितलं की जागा बदला, वाईट सवय लागेल. मग ही आई घरी मुलीला म्हणाली की तिच्याजवळ बसू नकोस, तिचं ते तुला लागलं म्हणजे. वन्सं, ते लागतं असं ती म्हणाली. सर्दी-खोकल्यासारखं. आणि ती पोर घाबरली. पहिल्या दिवशी वेगळी बसली तेव्हा मुलांनी विचारलं की का ग, तर आपण खारूच्या बाजूच्या नाही हे दाखवायला तिनेच ते नाव काढलं. उलटी. ओकारीचा आवाजही तिचाच होता.

मी म्हटलं, लागत नाही. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात, ते जन्मापासून असतं, शेजारी बसून होत नाही आणि लांब बसून जात नाही. हा शब्द मी शाळा सोडून बाहेर पहिल्यांदा उच्चारला. तिने माफी वगैरे मागितली नाही. एवढंच म्हणाली की प्रत्येक आई आपल्या लेकराचंच बघते. मी म्हटलं, हो ना, म्हणून तर आले. दोरीवरचा टॉवेल झटकून सरळ केला आणि निघाले. दाराआड ती मुलगी उभी होती. सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि जिना चढले.

आता पुढचं. हे मला खारूने काल मी तिची नखं कापत असताना सांगितलं, तेही मी विचारलं नव्हतं. सरांनी इतिहासातला एक प्रश्न विचारला. खारूने हात वर केला, कित्येक दिवसांनी. उभी राहिली. टाळ्या सुरू झाल्या. ती खाली बसली नाही. सरांना म्हणाली की मी अजून उत्तर दिलेलं नाही, मग हे कशासाठी वाजवतात. मला वाचायला वेळ लागतो, पण बोलायला लागत नाही, टाळ्या नकोत, थांबल्या की सांगते. आणि उभीच राहिली. दोघं-चौघं थांबले, बाकीचे हसत हसत वाजवतच होते. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि हातांवर बसली. तिच्या शेजारणीने ते बघितलं आणि तिनेही तसंच केलं. मग मागच्या बाकावर कुणीतरी. टाळ्या विरळ होत गेल्या, शेवटी एकच मुलगा वाजवत होता, त्याला एकट्याला कसंतरीच झालं आणि तोही थांबला.

मग खारूने उत्तर दिलं. वन्सं, उत्तर साफ चुकलं. सर म्हणाले, चूक, बस खाली. आणि ती बसली. कुणी हसलं नाही, कुणी वाजवलं नाही. हे सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला होता की माझ्या हातातली नखकात्री थांबली.

त्या मुलीशी बोललीस का विचारलं, तर म्हणाली, बघू. एवढं लवकर नाही. मलाही ते रास्त वाटलं.

आशीर्वादाला आम्ही तिघंही पात्र राहावं, इतकीच इच्छा.

आपली
भावजय

२१ ऑक्टोबर

चि. सौ. भावजयबाईंना,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चुका काढायला बसले होते, पण काढल्या नाहीत.

उत्तर चुकलं ते फार बरं झालं. बरोबर आलं असतं तर मोठ्या बाईंनी पुन्हा मैदानावर उभं केलं असतं. आपल्या लोकांना अशा मुलांमध्ये काहीतरी अद्भुत लपलेलं हवं असतं, नाहीतर त्यांना माणूस म्हणून घ्यायला जड जातं. आपली खारू इतिहासात कच्ची आहे. असू दे. तिचा बापही होता.

मैत्रिणीची घाई करू नका. जिने नाव काढलं तिने ते फेडायलाही वेळ घ्यावा. पण मुलगी वाईट नाही. एवढ्या वर्गात सगळ्यांच्या आधी हात मांडीखाली घालायला काय लागतं ते मला विचार. मी एवढी जाणती बाई असून हिशेबनिसाला अजून हातवारे बंद कर म्हणू शकले नाही.

तू टॉवेल पिळलास, ते मला फार आवडलं. तुझ्या नवऱ्याने कुणाला तरी पिळलं असतं.

तुझी
वन्सं

३० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परीक्षा झाल्या. खारूला वेळ जास्त दिला, दोन विषय तोंडी घेतले. मार्क बेताचेच आहेत, पण उत्तरपत्रिकांवर पहिल्यांदाच तिला काय लिहायचं होतं ते दिसतं. हॉस्पिटलातल्या बाई येऊन शिक्षकांशी बोलून गेल्या. वाचन अजून बैलगाडीच्या चालीनेच चालतं. मधल्या सुट्टीत एखादा उनाड अजूनही उलटी म्हणतो, सगळं संपलं असं मी तुला लिहिणार नाही. परवा एकाने म्हटलं तर सरांनी स्वतः त्याला उभं करून विचारलं की वाचनाला हात वर न करणाऱ्या अर्ध्या वर्गालाही तू हेच नाव ठेवणार का. तो बसला. सरांबद्दल मी जे काही बोललो होतो त्यातलं निम्मं परत घेतो.

काल पुन्हा शाळेतून बोलावणं आलं, वडिलांनी ताबडतोब भेटावं. निरोप घेऊन आलेल्या शिपायाचा चेहरा गंभीर होता. माझं डोकं तिथेच फिरलं. हिला कामावरून सुटता येत नव्हतं. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट अर्धवट सोडून, तिथल्या सेक्रेटरीच्या शिव्या खाऊन, वाटेत सरांना काय काय सुनवायचं त्याची उजळणी करत गेलो. हिला वचन दिलं होतं म्हणून पकडी बाहेर शिपायाकडे ठेवल्या.

सर व्हरांड्यात उभे होते. अतिशय वैतागलेले. म्हणाले, तुमच्या मुलीबद्दल तक्रार आहे. मी बाह्या सरसावल्या. ते म्हणाले, वर्गात अखंड बडबड करते. स्वतः ऐकत नाही, दुसऱ्यांना ऐकू देत नाही. परवापासून पुन्हा त्या जुन्या मैत्रिणीशेजारी जाऊन बसली आहे आणि दोघींच्या जिभेला हाड नाही. तीनदा सांगितलं, काल बाहेर उभं केलं, तर दोघी बाहेर उभ्या राहून बोलत होत्या. घरी जरा समज द्या, इतर पालकांनाही मी हेच सांगतो, तुमच्या मुलीसाठी वेगळा नियम नाही.

ताई, एवढ्या वर्षांत शाळेने तिच्याबद्दल केलेली ही पहिली सरळ तक्रार. जी कुठल्याही मुलीबद्दल कुणीही करतं. मी कपाळाला आठ्या घालायचा प्रयत्न केला. सर म्हणाले, तुम्ही हसताय का. मी म्हटलं, नाही हो, घरी चांगली खरडपट्टी काढतो. आणि जिन्याकडे वळलो, कारण पुढे त्यांच्याकडे बघवेना.

घरी येऊन खरंच रागावलो. म्हणजे रागावायला सुरुवात केली. खारूने जेवताना पहिल्या घासापासून बाजू मांडायला घेतली की सुरुवात तिनं केली होती, मी नव्हे, आणि ती बोलायला लागली की थांबतच नाही, मग मी तरी काय करणार. हे ती ताट पुसून होईपर्यंत सांगत होती. शेवटी हिने हात जोडले आणि म्हणाली, बाई, आता पुरे.

कृपादृष्टी असावी, आणि आलीस की दोन दिवस मशीन काढून ठेवावं, त्याशिवाय तुझा इथे निभाव लागायचा नाही.

तुझा
धाकटा